वृत्तपत्रे, शासन आणि जनतेचे लक्ष : नवी मुंबईचा दाखला

विधिमंडळाच्या कामकाजात ‘लक्षवेधी सूचना’ नावाचे एक आयुध आहे. तातडीच्या व सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे सदस्याने संबंधित मंत्र्यांचे लक्ष वेधावे, मंत्र्यांनी निवेदन करावे आणि त्यावर सदस्यांनी प्रश्न विचारावेत, असा तिचा क्रम असतो. या आयुधाच्या नावातच राज्यकारभारातील एक सत्य दडलेले आहे. शासनापुढे प्रश्न असंख्य असतात, लक्ष मात्र मोजके असते. कोणत्या प्रश्नाला ते आज मिळेल आणि कोणता प्रश्न वर्षानुवर्षे फाइलीत पडून राहील, हे ठरविणाऱ्या ज्या शक्ती आहेत त्यांत वृत्तपत्रांचा वाटा मोठा आहे. अधिवेशनाच्या काळात सभागृहात येणाऱ्या अनेक सूचनांचे मूळ सकाळच्या वर्तमानपत्रातील एखाद्या वृत्तात सापडते आणि सभागृहातील चर्चा दुसऱ्या दिवशी पुन्हा वृत्त म्हणून छापली जाते.

बातमीचे हे सामर्थ्य कसे काम करते याचा विचार करताना आपल्याकडे सहसा अमेरिकेतील वॉटरगेट प्रकरणाचा किंवा दिल्लीतील घडामोडींचा आधार घेतला जातो. वास्तविक ठाणे खाडीच्या पूर्वेस गेल्या अर्धशतकात उभे राहिलेले एक शहर या अभ्यासासाठी अधिक जवळचे आणि अधिक बोधक आहे. नवी मुंबईच्या कल्पनेला सार्वजनिक रूप मिळाले ते एका नियतकालिकाच्या पानांतून. तेथील भूमिपुत्रांच्या प्रश्नाकडे मात्र राज्याचे लक्ष गेले ते गोळीबारानंतर. एकाच शहराच्या इतिहासातील या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे बातमीची वाट कोठे सुलभ असते आणि कोठे अडते, हे ध्यानी येते.

विचारांचा विषय कोण ठरवितो?

अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली लोकमतावर लिहिलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की, सामान्य नागरिकाला राज्यकारभाराचे जग प्रत्यक्ष दिसत नाही. त्याच्या मनात त्या जगाचे एक चित्र असते आणि ते बहुतांशी वृत्तपत्रांनी रेखाटलेले असते. पुढे १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन प्राध्यापकांनी चॅपेल हिल या गावी सुमारे शंभर मतदारांच्या मुलाखती घेतल्या व त्यांची उत्तरे त्या भागात वाचल्या व पाहिल्या जाणाऱ्या वृत्तांशी ताडून पाहिली. वृत्तमाध्यमांनी ज्या प्रश्नांना अधिक जागा दिली होती, तेच प्रश्न मतदारांनाही अधिक महत्त्वाचे वाटत होते. हा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या विषयावरील संशोधनाचा पाया ठरला.

यातील मर्म नीट समजून घेतले पाहिजे. वृत्तपत्र वाचून मनुष्य आपला पक्ष बदलतो असे फारसे घडत नाही. आपल्या मताला पुष्टी देणारे वृत्तपत्रच तो बहुधा निवडतो. परंतु चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात आणि ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर आज कोणत्या विषयावर वाद घालायचा, हे मात्र त्या दिवशीच्या ठळक मथळ्यावरून ठरते. मताची दिशा ठरविण्यापेक्षा मताचा विषय ठरविण्याची ही सत्ता आहे आणि राज्यकारभाराच्या दृष्टीने ती लहान नाही. जो विषय चर्चेतच नाही त्यावर मंत्र्याला उत्तर द्यावे लागत नाही व त्याच्या तरतुदीसाठी अर्थसंकल्पात कोणी भांडतही नाही.

महाराष्ट्राला हा अनुभव नवीन नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले तेव्हापासून मराठी पत्रांनी सरकारदरबारी दाद मागण्याचे काम आपले मानले. नवी मुंबई ज्या जिल्ह्यांत वसली त्यांपैकी कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा, या बाबतीत विशेष उल्लेखनीय आहे. खोतांच्या जाचाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी गावी १९३३ साली कुळांनी जमिनी न कसण्याचा संप सुरू केला. तो सहा वर्षे चालला. या संपाचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ हे पत्र काढले. शेतकऱ्याची बाजू मांडण्यासाठी दुसऱ्याच्या वृत्तपत्राच्या कृपेवर अवलंबून राहण्यापेक्षा स्वतःचे पत्र असावे, ही त्यामागील दृष्टी होती. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. शेताच्या बांधावरील संप, जिल्ह्याच्या गावी निघणारे पत्र आणि विधिमंडळातील विधेयक अशी ही साखळी होती.

नियतकालिकातून निघालेले शहर

मुंबई बेटावरील गर्दीला खाडीपलीकडे वाट करून द्यावी, ही कल्पना शासनाला अपरिचित नव्हती. १९५८ साली नेमलेल्या स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडे वस्ती वाढवावी, असे सुचविले होते. परंतु अहवालातील शिफारस आणि लोकांच्या तोंडी असलेली कल्पना यांत मोठे अंतर असते. पुढील काही वर्षांत मुंबई महानगरपालिकेने तयार केलेला विकास आराखडा मुख्यतः बेटाच्या व उपनगरांच्या हद्दीतच विचार करीत होता.

या आराखड्याला उत्तर म्हणून १९६५ साली ‘मार्ग’ या कलाविषयक इंग्रजी नियतकालिकाने मुंबईच्या नियोजनावर एक विशेषांक काढला. मुल्कराज आनंद हे त्याचे संपादक होते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी त्यात असे मांडले की, दक्षिणोत्तर लांबत चाललेल्या या शहराने आता पूर्वेकडे वळावे व बंदराच्या पलीकडील तीरावर मुंबईच्या तोडीचे दुसरे केंद्र उभारावे. समुद्र बुजवून टोकाशी नवी कार्यालये बांधीत गेल्यास सकाळ-संध्याकाळचा लोंढा एकाच दिशेने वाहत राहील, हा त्यांचा युक्तिवाद कोणत्याही लोकलच्या प्रवाशाला तत्काळ पटण्यासारखा होता.

समुद्र बुजविण्यावरून मुंबईच्या वृत्तपत्रांनी शासनाला धारेवर धरण्याची ही पहिली वेळ नव्हती, हेही जाता जाता नमूद केले पाहिजे. १९२० च्या दशकात बॅकबेच्या भरावाच्या कामातील उधळपट्टी खुर्शेद नरीमन यांनी चव्हाट्यावर आणली. त्या खात्यातील अभियंता हार्वे यांनी त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरीमन त्यातून निर्दोष सुटले. आज ज्या ‘नरीमन पॉइंट’वरील गर्दी हलविण्यासाठी नवी मुंबई हवी असे म्हटले गेले, त्या भागाला भराव-प्रकरण उघडकीस आणणाऱ्याचेच नाव आहे!

‘मार्ग’च्या अंकानंतरच्या घटना वेगाने घडल्या. डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ मध्ये प्रादेशिक नियोजनाचा पुरस्कार केला. त्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम संमत झाला. १९६७ साली मुंबई महानगर प्रदेशासाठी नियोजन मंडळ स्थापन झाले व १९७० च्या आरंभी त्याचा आराखडा पुढे आला. १७ मार्च १९७० रोजी ‘सिडको’ची स्थापना झाली. चार्ल्स कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार झाले व शिरीष पटेल यांच्याकडे नियोजनाची धुरा आली. पाच वर्षांपूर्वी लेखात रेखाटलेला नकाशा आता त्यांना जमिनीवर उतरवायचा होता.

हे सारे एका विशेषांकामुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. गाडगीळ समितीची नेमणूक त्याच सुमाराची आहे. राज्याचे अधिकारी आणि नियोजनतज्ज्ञ त्याच दिशेने विचार करीत होते. ‘मार्ग’चा खपही दैनिकांच्या मानाने अत्यल्प होता. परंतु ते वाचणाऱ्यांत वास्तुविशारद, उद्योजक, संपादक आणि सचिवालयातील अधिकारी होते. खप लहान असला तरी वाचक निर्णयाच्या जवळ असतील तर लेखाचा परिणाम लवकर होतो. दैनिकाचे सामर्थ्य संख्येत असते, अशा नियतकालिकाचे सामर्थ्य वाचकाच्या स्थानात असते. आपल्याकडे वृत्तपत्रांच्या प्रभावाचा हिशेब केवळ खपाच्या आकड्यांवरून मांडण्याची सवय आहे, ती येथे फसवी ठरते.

पंचाण्णव गावांची बाजू

या नियोजनात ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावे आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणारा आगरी, कोळी व कराडी समाज या गावांतून पिढ्यानुपिढ्या राहत होता. ज्या भाषेत आणि ज्या नियतकालिकात या शहराची कल्पना रंगविली गेली, त्या पानांपर्यंत या समाजाची पोच नव्हती. नव्या शहराची चर्चा मुंबईच्या गर्दीवरील उपाय म्हणून झाली. तेथील शेतकऱ्याच्या उपजीविकेचा प्रश्न म्हणून ती क्वचितच झाली. शहराच्या नावातही हाच दृष्टिकोन उमटला आहे. बेटावर उभे राहून पाहिले तर ती ‘नवी’ मुंबई. जासईच्या किंवा घणसोलीच्या माणसाला त्या मातीत नवे असे काहीच नव्हते.

संशोधक ज्याला बातमीची चौकट म्हणतात, ती हीच. तेच वृत्त, त्याच घटना. परंतु कोणाच्या उंबरठ्यावरून त्या सांगितल्या जातात यावर वाचकाच्या मनात कोणता प्रश्न उभा राहील हे अवलंबून असते. ‘मुंबईचा श्वास मोकळा कसा होईल’ या चौकटीत भूसंपादन हा मधला एक टप्पा ठरतो. ‘सात-बारावरचे नाव गेल्यावर कुटुंबाने काय करावे’ या चौकटीत तोच टप्पा सर्वांत मोठी घटना होतो. दोन्ही चौकटी खऱ्या आहेत, पण बराच काळ पहिलीच प्रचलित राहिली.

शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी व विकसित जमिनीत वाटा मिळावा यासाठी दीर्घकाळ लढा दिला. सभा झाल्या, मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली. या लढ्याला राज्यव्यापी लक्ष मिळाले ते १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांमुळे. उरण तालुक्यात जासई व नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर हा प्रश्न केवळ एका तालुक्याचा राहिला नाही. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धारकाला परत देण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले आणि १९९० व १९९४ च्या शासन निर्णयांनी त्याला आकार आला. भूसंपादनाच्या इतिहासात या तत्त्वाचा दाखला आजही दिला जातो.

येथे बातमीच्या स्वभावातील एक कठोर गोष्ट सांगितली पाहिजे. निवेदन ही बातमी नसते, किंवा असलीच तर आतल्या पानावरील चार ओळींची असते. मोर्चा ही त्याहून मोठी बातमी. गोळीबार ही पहिल्या पानाची बातमी. ज्यांच्या हाती वृत्तपत्र नाही त्यांना आपले म्हणणे पहिल्या पानावर नेण्यासाठी किती मोठी किंमत द्यावी लागते, याचे हे उदाहरण आहे. निवेदनाच्या पातळीवरच प्रश्नाची दखल घेणारे वार्ताहर आणि अधिकारी हे या दृष्टीने लोकशाहीचे खरे उपकारकर्ते होत.

मंत्रालयात बातमीचे काय होते?

बातमी छापली गेल्यानंतर शासनात तिचा प्रवास कसा होतो, याविषयी सामान्य वाचकाला फारशी कल्पना नसते. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून दररोजच्या वृत्तपत्रांतील शासनविषयक मजकुराची कात्रणे काढली जातात व ती संबंधित विभागांकडे जातात. बातमी चुकीची असेल तर विभागाने खुलासा करावा, तथ्य असेल तर कार्यवाही करावी, अशी अपेक्षा असते. विभागाकडून ते कात्रण जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून तालुक्याकडे जाते आणि अहवाल त्याच वाटेने वर येतो. वृत्तपत्रातील चार ओळींमुळे तलाठ्याला किंवा कनिष्ठ अभियंत्याला प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करावी लागते. शासनाच्याच मासिकात हे सांगितले जात आहे याची काही वाचकांना गंमत वाटेल. परंतु दूरच्या वाडीवर काय चालले आहे हे वरिष्ठांना कळण्याचे साधन म्हणून वृत्तपत्राचा उपयोग प्रशासनालाही तितकाच होतो. खालून वर जाणारा अहवाल प्रत्येक पायरीवर थोडा गोड होत जातो, बातमी तशी होत नाही.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण आले, तेव्हा या उपयोगाची उलट बाजू दिसली. यदुनाथ थत्ते यांच्या संपादकत्वाखालील ‘साधना’सारख्या साप्ताहिकाने त्या काळातही झुंज दिली. परंतु एकंदरीने जनतेचा आवाज दाबला गेला, तसे सरकारचे कानही बंद झाले. १९७७ च्या निवडणुकीतील निकालाचा अंदाज सत्ताधाऱ्यांना आला नाही, यामागे हेही एक कारण असल्याचे अनेक अभ्यासक मानतात.

याउलट १९७२ च्या दुष्काळाचे उदाहरण आहे. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी असे दाखविले की, स्वतंत्र वृत्तपत्रे व विरोधी पक्ष असलेल्या देशात मोठा भूकबळी दुष्काळ पडत नाही, कारण उपासमारीची बातमी दडपता येत नाही व शासनाला हालचाल करावीच लागते. महाराष्ट्रात १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. त्या अनुभवातूनच रोजगार हमी योजना दृढ झाली व १९७७ मध्ये तिचा कायदा संमत झाला. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली भारतातील १६ राज्यांच्या १९५८ ते १९९२ या काळातील आकडेवारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथे वृत्तपत्रांचा खप अधिक, तेथे पीक बुडाल्यावर किंवा पूर आल्यावर राज्य शासनाची मदत अधिक तत्परतेने वाढते, असे त्यांना आढळले. विशेष म्हणजे हा परिणाम प्रामुख्याने प्रादेशिक भाषांतील वृत्तपत्रांचा होता. मराठी वाचकाने अभिमान बाळगावा असा हा निष्कर्ष आहे.

बातमीला जोड लागते

बातमी एकटी फारसे काही करू शकत नाही, हे १९८१ च्या सिमेंट प्रकरणावरून स्पष्ट होते. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या व सिमेंटचे वाटप यांविषयी वृत्त प्रसिद्ध केले. माधव गडकरी यांनी तो विषय मराठी वाचकांपर्यंत नेला. सिमेंट तेव्हा नियंत्रित वस्तू होती. घराचे एक जोते घालायचे तरी परवाना लागे, त्यामुळे वाचकाला प्रकरणाचे गांभीर्य समजावून सांगावे लागले नाही. परंतु निर्णायक ठरली ती नागरिकांनी केलेली याचिका व तीवर न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १९८२ च्या जानेवारीत दिलेला निकाल. त्यानंतर मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. वृत्त, याचिका, न्यायालय आणि विधिमंडळ ही चार चाके एकत्र आली तेव्हा गाडा हलला. त्यातून निघालेले फौजदारी प्रकरण मात्र पुढे अनेक वर्षे निरनिराळ्या न्यायालयांत चालले. आरोप पहिल्या पानावर वाचलेल्यांपैकी किती जणांनी त्याचा शेवट वाचला असेल, हा प्रश्न मनात येतो. लक्ष देण्याची वाचकाची ताकद महिन्यांत मोजावी लागते, न्यायालयाचे काम दशकांत चालते.

लक्ष ओसरण्याचा हा क्रम अमेरिकन अभ्यासक अँथनी डाउन्स यांनी १९७२ साली वर्णिला होता. प्रश्न आधीपासून असतो, पण तो जाणवत नाही. मग एखादी घटना घडते आणि सर्वत्र हलकल्लोळ होतो. उपायाचा खर्च व अडचणी ध्यानी येताच उत्साह मंदावतो. अखेर प्रश्न मागे पडतो, पण सुटलेला नसतो.

दिघा येथील अनधिकृत इमारतींच्या प्रकरणात हा क्रम जवळजवळ शब्दशः दिसतो. औद्योगिक विकास महामंडळाच्या जमिनीवर वर्षानुवर्षे मजल्यांवर मजले चढत होते. प्रत्येक मजला दिवसाढवळ्या, रस्त्यावरून दिसेल असा उभा राहिला, पण उभी राहणारी भिंत ही बातमी होत नाही. २०१५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडकामाला सुरुवात झाली आणि घराबाहेर काढलेले सामान, रडणारी मुले, रस्त्यावर बसलेल्या स्त्रिया यांची दृश्ये दूरचित्रवाणीवरून घरोघरी गेली. एका दिवसात दिघा हे नाव राज्याला ठाऊक झाले. राजकीय पक्ष धावले, अधिवेशनात विषय गाजला आणि २०१७ साली नगररचना अधिनियमात दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीची काही बांधकामे अटींवर नियमित करण्याची तरतूद झाली.

ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घर घेतले त्यांच्याविषयी सहानुभूती वाटणे स्वाभाविकच होय. तथापि त्या दृश्यांत एक व्यक्ती कधीच दिसली नाही. परवानगी नसताना इमारत बांधून, पैसे घेऊन निघून गेलेला विकासक चित्रात येत नाही, कारण तो त्या दिवशी तेथे नसतो. ज्याने डोळेझाक केली तो कर्मचारीही नसतो. कॅमेरा जे समोर आहे तेच दाखवितो. २००७ पासून मराठीत चोवीस तास चालणाऱ्या वृत्तवाहिन्या आल्या व बातमीचा वेग कितीतरी पटींनी वाढला, परंतु कारणपरंपरा उलगडण्याचे काम अजूनही छापील मजकुरालाच अधिक चांगले जमते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

घराजवळची बातमी

मोठ्या दैनिकांनी जिल्हावार आवृत्त्या व शहरवार पुरवण्या काढल्यापासून नेरूळच्या गटाराची आणि कोपरखैरण्याच्या बसथांब्याची बातमीही छापली जाऊ लागली. याचा लाभ उघड आहे. दुसरी बाजू अशी की, नवी मुंबईची बातमी नवी मुंबईतच राहते. पनवेलच्या पुरवणीतील प्रश्न नाशिकच्या वाचकाला दिसत नाही व तोच प्रश्न आपल्या गावीही आहे हे त्याला कळत नाही. स्थानिक अधिकाऱ्यावर दडपण येते, परंतु धोरण बदलण्यासाठी जो राज्यव्यापी दबाव लागतो तो अनेक तुकड्यांत वाटला जातो.

नवी मुंबई महानगरपालिकेतील लोकनिर्वाचित सभेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे राहिला. नगरसेवक नसलेल्या शहरात तक्रार कोणाकडे करावयाची? अशा वेळी वृत्तपत्रातील वाचकांच्या पत्रव्यवहाराला आणि स्थानिक वार्ताहराला आपोआपच अधिक महत्त्व येते. गृहनिर्माण संस्थांच्या भ्रमणध्वनीवरील गटांतूनही छायाचित्रे व तक्रारी झपाट्याने फिरतात. त्या गटांत खरे-खोटे तपासणारा उपसंपादक नसतो, ही त्यांची उणीव. पण खड्ड्याचे छायाचित्र वार्ताहराच्या हाती पडण्याचा पहिला मार्ग आज बहुधा तोच असतो.

नेरूळ येथील रोहित पक्ष्यांच्या तलावाचे प्रकरण याच मार्गाने पुढे आले. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ साली घोषित झाले व २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. भरतीच्या वेळी खाडीतील पक्षी ज्या तलावांवर येऊन विसावतात ते मात्र अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. त्यांपैकी एका तलावात भरती-ओहोटीचे पाणी येण्याचा मार्ग अडला. २०२४ साली तेथे पक्षी मृत्युमुखी पडू लागले, तेव्हा स्थानिक पर्यावरणप्रेमींनी छायाचित्रे काढली, वृत्तपत्रांनी ती छापली, शासनाने समिती नेमली आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. गुलाबी पंखांच्या पक्ष्याचे छायाचित्र सुंदर येते, हे या यशाचे एक कारण आहे. त्याच खाडीतील चिखलात मासे कमी झाल्याची कोळ्याची तक्रार तितकी छायाचित्रक्षम नसते.

बातमीच्या विश्वासार्हतेला लागलेल्या किडीचाही उल्लेख टाळता येणार नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या वेळी पैसे घेऊन छापलेल्या प्रचाराला वृत्ताचे रूप दिले गेल्याच्या तक्रारी झाल्या. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हापासून मराठीत रूढ झाला व प्रेस कौन्सिलने नेमलेल्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. निवडणूक आयोगाने पुढे जिल्हा पातळीवर प्रसिद्धीची छाननी करणाऱ्या समित्या स्थापन केल्या. जाहिरात ही जाहिरात म्हणून छापली तर वाचक तिचे मोल जाणतो. बातमीच्या वेषात आली तर बातमीचेच मोल उतरते. अशा वेळी माहितीच्या अधिकाराचा उपयोग विशेष होतो. महाराष्ट्राने २००२ सालीच असा कायदा केला व २००५ मध्ये तो देशभर आला. साडेबारा टक्के भूखंडाचे कोणते प्रकरण कोणत्या टेबलावर आहे, हे विचारण्याचा हक्क आता उरणच्या शेतकऱ्यालाही आहे, आणि त्या उत्तराची प्रत वार्ताहराच्या हाती गेली की बातमीला कागदाचा आधार मिळतो.

जासईच्या त्या लढ्याचे नाव अलीकडे पुन्हा राज्यभर गाजले ते विमानतळाच्या निमित्ताने. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, या मागणीसाठी जून २०२१ मध्ये भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली व सिडकोच्या कार्यालयावर मोर्चा नेला. या वेळी वृत्तवाहिन्यांनी ती दृश्ये घटनास्थळावरूनच दाखविली. १९८४ साली ज्या गावांची नावे मुंबईच्या वाचकाला नकाशात शोधावी लागली असती, ती आता सर्वांच्या परिचयाची होती. २०२२ मध्ये विधिमंडळाने या नावाच्या शिफारशीचा ठराव केला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले.

नावाचा प्रश्न एका वाक्यात सांगता येतो, म्हणून तो बातमीत सहज मावतो. गावठाणालगत गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न तसा नाही. कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही, त्यामुळे सिडकोच्या नावे झालेल्या जमिनीवर मुलांनी घरे बांधली. कोणते घर कोणत्या वर्षीचे, किती क्षेत्राचे, कोणाच्या नावाचे, याची मोजणी गावागणिक करावी लागते. शासनाने त्याविषयी वेळोवेळी निर्णय काढले आहेत. त्यांची अंमलबजावणी कोणत्या गावात कोठवर आली, हे सांगणारी बातमी लिहावयाची तर वार्ताहराला भूमापकाबरोबर गल्लोगल्ली फिरावे लागेल आणि त्या बातमीबरोबर छापण्याजोगे छायाचित्र बहुधा फितीचेच मिळेल.